डूमचा सोर्स हाती आला तेव्हा

डूम खेळणारे बरेच जण नुसतं खेळून थांबत नसत, त्यासाठी स्वतःचे नकाशेही रचत. १९९३च्या डिसेंबरात आलेल्या या खेळाची बांधणीच तशी होती. नकाशे, चित्रं, आवाज सगळं ‘वॅड’ फाइलींत, आणि खेळ चालवणारं इंजिन वेगळं. कराडला इंजिनिअरिंगला असताना मलाही तो नाद लागला. हॉस्टेलवरच्या मित्राच्या मामेभावानं अमेरिकेहून डूम-२ची सीडी आणली होती, डीईयू नावाचा एडिटर फ्लॉपीवर मिळाला होता, आणि मी रात्री जागून एक किल्ला रचत होतो. मधे मोकळा चौक, चारही बाजूंनी चढत्या पायऱ्या, वर बुरूज.

एका बुरुजावरून खाली चौकाकडे वळलं की खेळ कोसळायचा. काळ्या पडद्यावर ‘व्हिसप्लेन ओव्हरफ्लो’ एवढंच. पायऱ्या कमी केल्या की चालायचं, पुन्हा वाढवल्या की कोसळायचं. असं का होतं हे सांगणारं आसपास कुणी नव्हतं.

२३ डिसेंबर १९९७ला आयडी सॉफ्टवेअरच्या जॉन कारमॅकनं डूमचा सोर्स कोड खुला केला. माझ्यापर्यंत तो काही महिन्यांनी पोचला, एका फ्लॉपीत सहज मावेल एवढा. आम्ही डॉसवर खेळायचो, पण कोड होता लिनक्सचा. डॉसच्या आवृत्तीतली आवाजाची लायब्ररी दुसऱ्याच्या मालकीची होती, ती वाटण्याचा हक्क आयडीला नव्हता. कोडची साफसफाई बर्न्ड क्रायमायर यांनी केली होती. परका भाग वगळून कोड देणं मला फार मोलाचं वाटतं. अमुक भाग आमचा नाही, म्हणून काहीच देता येत नाही, असं म्हणून कित्येक जुने खेळ कपाटात पडून राहतात. इथं परका भाग बाजूला काढला आणि उरलेलं देऊन टाकलं. सोबतच्या टिपणात कारमॅकनं स्वतःच्या कामाची उणीवही लिहिली होती: हालचाल आणि नजर तपासण्याचा कोड गचाळ झाला, त्याहून सोपा आणि वेगवान मार्ग समोरच होता.

मी थेट जमिनी आणि छतं रंगवणारी फाइल उघडली. वरच्या भागातच होतं: व्हिसप्लेनची कमाल संख्या १२८. नजरेच्या टप्प्यात वेगळ्या उंचीची, वेगळ्या पोताची किंवा वेगळ्या उजेडाची जमीन आली की एक नवं व्हिसप्लेन खर्ची पडतं. माझी प्रत्येक पायरी वेगळ्या उंचीची होती! इतक्या दिवसांचं कोडं एका ओळीत सुटलं. त्या क्षणी मला झालेला आनंद परीक्षेच्या कुठल्याही निकालानं दिलेला नाही.

आकडा वाढवला, कंपाइल केलं, लिनक्सचा पडदा २५६ रंगांवर आणला, कारण त्याशिवाय तो डूम चालत नसे. बुरुजावर गेलो, वळलो. सगळा चौक, सगळ्या पायऱ्या एका नजरेत.

पण तो किल्ला आता फक्त माझ्या डूममध्ये चालत होता. मूळ खेळ असलेल्या मित्राच्या मशीनवर तो कोसळणारच. हाच पेच जगभरच्या मॉडरांपुढे होता, आणि त्यांनी तो ज्या धीरानं सोडवला त्याबद्दल मला आजही आदर वाटतो. १९९८मध्ये टीम टीएनटी या गटानं ‘बूम’ हे इंजिन आणलं: मर्यादा उठवल्या, नव्या सोयी दिल्या, आणि त्या सोयी नीट लिहून ठेवल्या, म्हणजे दुसऱ्याच्या इंजिनातही तेच नकाशे चालावेत.

त्यातली सगळ्यात नाजूक गोष्ट होती डेमो, म्हणजे खेळाचं साठवून ठेवलेलं रेकॉर्डिंग. डूमच्या डेमोत चित्रं नसतात, फक्त खेळाडूनं काय केलं ते, सेकंदाला ३५ वेळा टिपलेलं. राक्षस काय करतील ते इंजिन पुन्हा मोजून काढतं, आणि त्याचे ‘यादृच्छिक’ आकडेसुद्धा २५६ आकड्यांच्या एका पक्क्या यादीतून येतात: ०, ८, १०९ असे क्रमानं. म्हणून एखादा जुना दोष दुरुस्त केला तर वर्षांपूर्वीचा विक्रमी डेमो मधेच भरकटतो आणि खेळाडू भिंतीला धडका देत राहतो. पेन एलेमेंटल हा राक्षस नकाशात आधीच २०हून जास्त उडत्या कवट्या असतील तर नवी कवटी सोडत नाही, हेही कोडमध्ये लिहिलेलं आहे. ही मर्यादा काढणं सोपं. ती काढूनही, जुना डेमो लावला की ती पुन्हा लागू होईल अशी सोय करणं अवघड. त्यांनी तीही केली.

परवान्याचं मात्र सुरुवातीला चुकलं होतं. पहिल्या परवान्यात धंद्याला मनाई होती, पण आपण केलेले बदल खुले करण्याची सक्ती नव्हती. त्यामुळे जीएलडूम या सुधारित डूमच्या कर्त्याची हार्डडिस्क गेली तेव्हा त्याचा सोर्सही कित्येक वर्षांसाठी हरवला. १९९९मध्ये कोड जीपीएल या मुक्त परवान्याखाली आला आणि प्रत्येक वाटलेल्या बदलासोबत त्याचा सोर्स देणं बंधनकारक झालं. चित्रं आणि मूळ नकाशे आयडीचेच राहिले. म्हणून लोकांनी ‘फ्रीडूम’ उभं केलं, सगळी चित्रं नव्यानं काढून.

माझ्या किल्ल्याच्या आता दोन आवृत्त्या आहेत. एकीत हव्या तितक्या पायऱ्या. दुसरी मूळ डूमसाठी, काही पायऱ्या सपाट करून आणि चौकाच्या मधे एक भिंत घालून बसवलेली. ती मी चॉकलेट डूम या इंजिनात तपासतो, कारण व्हिसप्लेन १२८च्या पुढे गेली की ते मूळ खेळासारखंच कोसळतं.