हुकलेला विजय

मुलांनो, तुमचा आवडता संघ हरू लागला तर तुम्ही काय करता? मी काय केले ते ऐका. २०१५ च्या आयपीएल स्पर्धेत मुंबई इंडियन्सचा संघ पहिले चारही सामने हरला. तुडीलला आमच्या मोहल्ल्यात सगळे मला चिडवू लागले. अब्बा म्हणाले, "सबुरी ठेव." मी ऐकले नाही. पाचव्या सामन्याच्या दिवशी टीव्हीच लावला नाही. नेमका तोच सामना मुंबईने १८ धावांनी जिंकला! पुढे २४ मे रोजी अंतिम सामन्यात चेन्नईला ४१ धावांनी हरवून रोहित शर्माच्या संघाने विजेतेपद पटकावले. मी आनंदाने नाचलो. पण मनात रुखरुख राहिली. चार पराभव मी पाहिले आणि पहिला विजय मात्र हुकला!