कंदेला

गाल्गो ही स्पेनची शिकारी कुत्र्यांची जात. लांबलचक पाय, आत ओढलेलं पोट, अंगावर चरबी जवळजवळ नाहीच. सशांच्या शिकारीचा हंगाम जानेवारीच्या आसपास संपतो आणि मग कितीतरी गाल्गो वाऱ्यावर सोडले जातात. आमची त्यांतलीच एक. सेव्हिलच्या निवाऱ्यातून तिला आणली, तेव्हा तिच्या कागदावर नावाची जागा कोरी होती. उन्हात बसूनही ती थरथरायची. आपल्याला कुणी हाक मारतं, हेच तिला ठाऊक नव्हतं.

शेजारणीने लूना सुचवलं. इथे हाक मारली तर चार लूना धावत येतील. शिवाय चंद्र थंड. लोला जिभेवर छान घोळतं, पण ते दोलोरेसचं लाडकं रूप, आणि दोलोरेसच्या पोटात वेदना आहे. ती हिच्याजवळ आधीच भरपूर होती.

त्या दिवसांत मला सारखा डॉन किहोते आठवत होता. सर्व्हान्तेसच्या त्या १६०५च्या कादंबरीत हा भला माणूस घोड्याच्या नावासाठी चार दिवस विचार करतो, स्वतःच्या नावासाठी आणखी आठ. शेजारच्या गावातल्या आल्दोन्साची तो दुल्सिनेआ करतो. त्याच्या घरी एक चपळ गाल्गोही आहे, अगदी पहिल्याच वाक्यात. त्याला मात्र अख्ख्या पुस्तकात नाव मिळत नाही. नावं देण्याची एवढी हौस असलेल्या माणसाच्या दारातलं ते बिननावाचं कुत्रं माझ्या मनातून जाईना.

मग फेब्रुवारीची दोन तारीख आली, कान्देलारियाचा सण. या दिवशी चर्चमध्ये मेणबत्त्यांना आशीर्वाद देतात, आंदालुसियातल्या काही गावांत चौकात शेकोट्या पेटवतात. त्या शेकोटीला इथे कंदेला म्हणतात आणि मुलींनाही हे नाव ठेवतात. ज्या दिवसांत गाल्गो रस्त्यावर येतात, त्याच दिवसांतला हा उबेचा सण! आईला फोनवर नाव सांगितलं, तर ती म्हणाली, “अगं, हा तर आपला कंदील!” खरंच, दोन्ही शब्द एकाच लॅटिन मुळाचे, आपला अरबी-फारसीच्या वाटेने आला, एवढंच.

नाव खुल्या स्वरावर संपतं, लांबवर पोचतं, आणि कितीही रागाने उच्चारलं तरी टोचत नाही. तिच्या मायक्रोचिपच्या नोंदीत आणि लशींच्या पासपोर्टवर आता तेच आहे.