गिधाडाचे एकुलते पिल्लू

भालकी-आळंदच्या मुलखात वाढलेल्या आमच्या पिढीने गिधाडे थव्याने पाहिली, तीही गावाबाहेर, मेलेली गुरे टाकण्याच्या माळावर. जटायूला हात जोडणारी आपली माणसे त्यांना मात्र अशुभ मानीत. १९९०च्या दशकात ती दिसेनाशी झाली, तेव्हा कोणी हळहळल्याचे आठवत नाही.

पुढे ती पाहावयास आम्हांला थेट कोकण गाठावे लागले. रायगड जिल्ह्यात, म्हसळा तालुक्यातील चिरगावच्या रानात, एका उंच झाडाच्या शेंड्याशी पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडाचे काटक्यांचे घरटे होते. राखी लव ल्यालेले पिल्लू मान उंचावून बसले होते. दोन तासांनी एक पक्षी उतरला. नर की मादी, सांगणे कठीण. दोघे सारखेच दिसतात आणि पिल्लू आळीपाळीने सांभाळतात. पोटातले अन्न वर काढून त्याने पिल्लाला भरवले. किळस यावी असे त्यात काही नव्हते. आमच्या आज्याही नातवंडांना घास चावूनच देत.

वर्षाला अंडे एकच. म्हणूनच डायक्लोफिनॅकचा घाव भरून येत नाही. गुरांना टोचलेले हे वेदनाशामक मृत जनावराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जाते आणि त्याची मूत्रपिंडे निकामी करते. कारण २००४ मध्ये उमगले, पशुवैद्यकीय वापरावर बंदी २००६ मध्ये आली. तोवर या जातीची शंभरांतली नव्याण्णवांहून अधिक गिधाडे गेली होती. पुढेही माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात पोहोचतच राहिल्या. त्या २०१५ मध्ये बंद झाल्या.

आता घरचा बैल लंगडला की आम्ही डॉक्टरांकडे मेलॉक्सिकॅमच मागतो. ते गिधाडांना बाधत नाही. काका हसतात, “गिधाडं हायत कुठं इथं?”