हरलेल्यांची वही

गेल्या दिवाळीत नात पुण्याहून नातेपुत्याला आली. संख्याशास्त्र शिकते. दुपारी सगळे लवंडले होते तेव्हा तिनं माझ्या कपाटातल्या लाल पुठ्ठ्याच्या वह्या काढल्या आणि ओसरीवर मांडून बसली. तासाभरानं मला हाक मारली. "आबा, यात सगळे जिंकलेलेच घोडे आहेत. हरलेले कुठं लिहिलेत?"

"हरलेले कशाला लिहायचे?" मी म्हणालो. तिनं मान हलवली आणि पान उलटलं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

पस्तीस वर्षं मी पुण्यात रेसचे अंदाज लिहिले. जुलैत पुण्याचा सीझन सुरू व्हायचा, नोव्हेंबरात घोडे महालक्ष्मीला गेले की मी त्यांच्यामागं मुंबईला. लहान अंतराच्या शर्यती कुणीही वाचाव्यात. मी स्वतःला लांब पल्ल्याचा माणूस समजत आलो. दोन हजार मीटरच्या पुढची हँडिकॅप, म्हणजे चांगल्या घोड्यावर जास्त वजन चढवणारी शर्यत, असली की छापणारा मालक ती माझ्याकडं पाठवायचा. त्या शर्यतींसाठीच या वह्या. जिंकलेल्या घोड्याचं वय, पाठीवरचं वजन, रेटिंग, आधीची धाव किती दिवसांपूर्वीची, ती किती अंतराची, शेवटच्या वळणावर कितवा होता. अशा रकान्यांतून कल काढायचा आणि पुढच्या वर्षीच्या घोड्यांवर तो धरून बघायचा.

वजनाचं वेड मला इथं गावातच लागलं. माउलींची पालखी नातेपुत्याचा मुक्काम आटोपून माळशिरसकडं निघते तेव्हा पुरंदावड्याला गोल रिंगण होतं. अंकलीच्या शितोळे सरकारांकडून आलेले दोन अश्व धावतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार, दुसरा माउलींचा, त्याच्यावर कुणी बसत नाही. वडिलांच्या खांद्यावरून मी ते पाहिलं तेव्हा सात-आठ वर्षांचा असेन. पाठ मोकळी असलेला अश्व मागून आला, स्वाराच्या अश्वाला गाठून पुढं गेला आणि लोक टापांखालची माती कपाळाला लावायला धावले. ती शर्यत नव्हे, माउलींच्या अश्वाला किलोच्या हिशेबात आणू नये, एवढं मला कळतं. पण पोराच्या डोळ्यांना जे दिसलं ते दिसलं. पुढं पहिल्यांदा रेसचं पुस्तक हातात घेतलं, प्रत्येक घोड्याच्या नावापुढं वजनाचा आकडा पाहिला आणि मला पुरंदावड्याचं मैदान आठवलं.

आता नातीच्या प्रश्नाकडं येतो. माझ्या वह्यांचा कौल स्पष्ट होता. लांब हँडिकॅप हलके घोडे जिंकतात. हे मी छापून सांगितलं, तावातावानं सांगितलं. ती म्हणाली, समजा बारा घोडे पळाले आणि त्यांतले नऊ पंचावन्न किलोच्या आतले असले, तर डोळे मिटून चिठ्ठी काढली तरी चारांतल्या तीन वेळा हलकाच घोडा हाती येईल. जिंकणाऱ्यांत हलके किती हे तुम्ही मोजलंत, पळणाऱ्यांत हलके किती हे मोजलंच नाही. मी ओसरीच्या खांबाला टेकून बसलो. एवढी साधी गोष्ट. पस्तीस वर्षांत एकदाही मनात आली नाही.

वजनाला अर्थ नाही असं मात्र मी अजूनही म्हणणार नाही. इंग्लंडचे हँडिकॅपर, म्हणजे वजनं ठरवणारे, पाच फर्लांगांच्या शर्यतीत एक लेंथ, म्हणजे एका घोड्याची लांबी, साधारण तीन पौंडांची धरतात आणि दोन मैलांत तीच लेंथ एका पौंडावर आणतात. अंतर वाढलं की तेवढ्याच ओझ्यात घोडा जास्त लेंथ गमावतो. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न कपच्या दोन मैलांवर 1890 साली कार्बाइन सहासष्ट किलो घेऊन जिंकला, एकोणचाळीस घोड्यांच्या झुंडीतून. फार लॅप 1930 ला साडेबासष्ट किलोत जिंकला. पुढच्या वर्षी त्याच्यावर अडुसष्ट चढवले तेव्हा आठवा आला. घोडा तोच, मैदान तेच. या दोन ओळी मी दर सीझनला वहीच्या पहिल्या पानावर उतरवतो. पण फार लॅपची दुसरी ओळ हरलेल्याची आहे आणि माझ्या वह्यांत हरलेल्याची तेवढी एकच ओळ होती, हे मला नातीमुळं दिसलं.

खरी अडचण याच्याही पुढं आहे आणि ती मला नातीच्या प्रश्नाआधीपासून छळते. अठराशे मीटरांपर्यंतच धावलेला घोडा पहिल्यांदा चोवीसशेला उभा राहतो. मधले सहाशे मीटर त्यानं पाहिलेलेच नाहीत. बाप लांब पल्ल्याचा, आई लांब पल्ल्याची, सकाळच्या गॅलपला शेवटपर्यंत दम टिकतो, जॉकी खाली उतरतो तेव्हा घोड्याच्या नाकपुड्या शांत असतात. तरी ते सहाशे मीटर कोरेच. वह्या सांगत, आधी एवढं अंतर धावलेलाच जिंकतो. पण आधी न धावलेले किती आले आणि किती आपटले, याची नोंद कुठं होती? शिवाय ट्रेनरला भरवसा नसलेले घोडे तिथवर येतच नाहीत. येतात ते निवडलेले. म्हणजे हरलेल्यांच्याही मागं न आलेले उभे, आणि त्यांची वही कुणाकडंच नसते. यावर मी रात्र-रात्र बसलोय. पॅडॉकमध्ये घोड्याची छाती पाहतो, चालताना मागचा पाय पुढच्याच्या खुणेच्या किती पुढं पडतो ते पाहतो, आणि दरवेळी त्या सहाशे मीटरांपाशी येऊन थांबतो.

त्यात हँडिकॅपरही कच्चा नसतो. आपल्याकडं रेटिंगचा एक पॉइंट म्हणजे अर्धा किलो. घोडा जिंकला की त्याचं रेटिंग वाढतं, आणि कल जे सांगतो ते पुढच्या खेपेला वजनात आधीच बसलेलं असतं. आता फोनवर तक्ते फिरतात, 'गेल्या दहा वर्षांचा कल, चार वर्षांचाच घोडा घ्या'. वर्षाला एक शर्यत, म्हणजे दहा वर्षांत दहा घोडे. दहा घोड्यांवरून जग ओळखल्याच्या थाटात लिहिणाऱ्यांचा मला संताप येतो, आणि आता तो करताना मान खाली जाते, कारण तो तक्ता लिहायला या भागात मीच आधी शिकवलं.

घोड्यांच्या मालकांनाही आता लांब पल्ल्याचे घोडे नको आहेत. लवकर तयार होणारं, हजार-चौदाशे मीटरांत पैसे आणणारं शिंगरू हवं. पुण्यात इंडियन सेंट लेजर 2800 मीटरांची होते, पण ती हँडिकॅप नव्हे. पैजेवरचा जीएसटी आधी अठ्ठावीस टक्के होता, 22 सप्टेंबर 2025 पासून चाळीस. स्टँड रिकामे पडतात ते करामुळं, असं जो तो म्हणतो. असेलही. पण लांब शर्यत पाहायला जी सोशिकता लागते ती कराच्या आधीच गेली, असं मला वाटतं. पहिले हजार मीटर काही घडत नाही, आणि जे घडत असतं ते ओळखणारे डोळे आता कमी आहेत.

एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. 1996 साली सुप्रीम कोर्टानं घोड्यांच्या शर्यती हा कौशल्याचा खेळ ठरवला, तेव्हा ती बातमी कापून मी वहीच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवली. कौशल्य म्हणजे आपणच, अशी माझी समजूत. त्यानंतर दोन-तीन सीझननी एका लांब हँडिकॅपमध्ये एक घोडी होती. अठराशेच्या पुढं कधी न गेलेली, पाठीवर सर्वांत जास्त वजन. मी छापलं की घोडी, टॉपवेट आणि अनोळखी अंतर या तिन्हींचा कल विरुद्ध आहे, तिला बाजूला ठेवा. ती चार लेंथनी जिंकली. संध्याकाळी मी तिला जिंकलेल्यांत नोंदवलं आणि माझ्या अंदाजाचं पान फाडलं. 2005 ला मकायबी दिवा ही घोडी अठ्ठावन्न किलो घेऊन तिसऱ्यांदा मेलबर्न कप जिंकली तेव्हा मी गावात सगळ्यांना तिचं कौतुक सांगत फिरलो. फाडलेल्या पानाबद्दल बोललो नाही.

आता आम्ही दोघं जुन्या रेसच्या पुस्तकांवरून नव्या वह्या लिहितोय. पळालेला प्रत्येक घोडा, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत. शेवटच्या रकान्यात माझा अंदाज. माझे डोळे आता बारीक आकडे धरत नाहीत, म्हणून मी वाचत नाही, ती वाचते आणि मी आठवून अंदाज सांगतो. परवा त्या घोडीची शर्यत आली. "आबा, हिच्यापुढं काय लिहू? अंदाजाचं पानच नाही."

"लिही," मी म्हणालो. "बाजूला ठेवा."

तिनं लिहिलं.