साक्ष

"तुझ्या देवाचा एक तरी पुरावा दे, उद्यापासून मी तुमच्या चर्चमध्ये येतो," असे माझा एक वर्गमित्र गेल्या वर्षी कॅन्टीनमध्ये मला म्हणाला. त्याच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती. तो देव मानत नाही आणि ते मोकळेपणाने सांगतो, म्हणूनच तो मला आवडतो. मी हसून विषय बदलला. प्रश्न मात्र मनातून गेला नाही; कारण आमच्या घरात असा एक पुरावा पुष्कळ वर्षे होता.

आम्ही राहतो साकीनाक्याला, खैरानी रोडच्या आतल्या बाजूला. आजोबा नगर जिल्ह्यातून पोटासाठी मुंबईत आले आणि इथेच राहिले. चहूकडे छोटे कारखाने, भंगाराची गोदामे, आणि डोक्यावरून इतक्या खालून जाणारी विमाने, की बोलणारा माणूस वाक्य अर्धे सोडून थांबतो आणि विमान गेले की पुढे बोलू लागतो. आमच्याकडच्या प्रार्थनासुद्धा अशाच थांबत थांबत होतात!

वडील लेथवर काम करीत. २६ जुलै २००५ रोजी ते कारखान्याच्या कामासाठी कुर्ल्याला गेले होते. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. मिठी नदी रस्त्यांवर आली, लोकल बंद, टेलिफोन बंद. मी दीड वर्षाचा होतो. आईने मला माळ्यावर निजवले आणि खाली गुडघाभर पाण्यात उभी राहून ती रात्रभर प्रार्थना करीत राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी वडील चिखलाने माखलेले दारात उभे राहिले. चप्पल नव्हती, पण डबा हातात होता. त्या डब्याची गोष्ट मी लहानपणी इतक्यांदा ऐकली आहे, की ती मला स्वतःला आठवते असेच वाटते.

त्याच पावसात साकीनाक्याच्या टेकडीची दरड खालच्या झोपड्यांवर कोसळली. कित्येक माणसे गाडली गेली.

आमच्या मंडळीत उपासनेच्या शेवटी साक्ष देण्याची पद्धत आहे. देवाने आपल्यासाठी काय केले ते उभे राहून सर्वांसमोर सांगायचे. त्या रविवारी साहजिकच पुष्कळजण उभे राहिले. आईही उभी राहिली. "मी रात्रभर हाक मारली, आणि प्रभूने माझ्या घरधन्याला..." इथवर ती आली आणि तिची नजर मागच्या बाकावर गेली. तिथे टेकडीखालच्या वस्तीतली एक बाई बसली होती. तिचा नऊ वर्षांचा मुलगा दरडीखाली गेला होता. आई तशीच खाली बसली. वाक्य पुरे झाले नाही. पाळकसाहेबांना वाटले, गहिवरून आले असेल. त्यांनी गीत सुरू केले.

आई पुढे पुष्कळ वर्षांनी मला म्हणाली, "तिनं काय माझ्यापेक्षा कमी हाक मारली असेल? माझा माणूस आला हा देवाचा पुरावा म्हणावा, तर तिच्या पोराचं काय म्हणायचं?" तेव्हापासून तिने ती गोष्ट घरात पुष्कळदा सांगितली, पण साक्ष म्हणून कधी दिली नाही.

मला मात्र लहानपणी तो पुरावा पक्का वाटे. म्हणूनच एप्रिल २०२१ मध्ये वडिलांना श्वास लागू लागला तेव्हा मी घाबरलो नाही. एकदा आणले तो पुन्हा आणील, असा माझा सरळ हिशेब होता. आम्ही तिघे प्रार्थना करीत होतो. आई घरात, मी रुग्णालयाच्या फाटकाबाहेर आणि वडील आत. अकराव्या दिवशी वडील गेले. त्यांचा मोबाईल आणि चष्मा एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्या हाती दिला गेला.

त्यानंतर वर्षभर मी प्रार्थना केली नाही. आई सांजेला पवित्र शास्त्र उघडी, मी उठून बाहेर जाई. ती काही बोलत नसे. त्या वर्षात 'स्मृतिचित्रे' हाती आले. आमची नगरकडची माणसे टिळकांचे नाव घरच्यासारखे घेतात, पण वाचलेले कुणी नसते, मीही त्यांतलाच. रेव्हरंड टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी घेतला तो १९०० साली. लोक टिळकांच्या धाडसाचे कौतुक करतात. मला लक्ष्मीबाईंच्या त्या मधल्या पाच वर्षांचे अप्रूप वाटले. नवऱ्याला जे दिसले ते आपल्याला दिसत नाही, हे त्या बाईने लपवले नाही आणि दिसल्याचे सोंगही केले नाही.

थोमाचेही तसेच. प्रभू उठला हे इतरांनी सांगितले तेव्हा, खिळ्यांच्या जखमांत बोट घातल्यावाचून मी मानणार नाही, असे तो म्हणाला. 'संशयी' म्हणून तो कायमचा बदनाम झाला. पण त्याने पाहायला मागितले काय? तेज नव्हे, चमत्कार नव्हे, जखमा. आणि आठ दिवस तो त्याच शिष्यांमध्ये राहिला, त्याला कुणी हाकलले नाही. परंपरा सांगते, की हाच थोमा पुढे आपल्या देशात, केरळात आला. आपल्या वाट्याला बाराजणांतून नेमका हाच यावा याची मला गंमत वाटते.

दुसऱ्याच वर्षी मे महिन्यात मरोळचा एक ईस्ट इंडियन मित्र मला सीप्झच्या आत घेऊन गेला. १९७३ साली वसवलेल्या त्या औद्योगिक वसाहतीच्या कुंपणात एका जुन्या चर्चचे अवशेष आहेत. जेझुइटांनी ते १५७९ साली बांधले. एरवी परवानगीवाचून आत जाता येत नाही. त्या दिवशी तिथे मिस्सा होता. छप्पर नाही, भिंतींत झाडांची मुळे, वर मोकळे आभाळ. मित्राने सांगितले, की १८४० च्या सुमारास साथ आली आणि गावकरी हे चर्च सोडून मरोळला गेले. जाताना मूर्ती बरोबर नेल्या आणि तिथे नवे चर्च उभे केले.

मी त्या भिंतीजवळ बराच वेळ उभा होतो. साथीत त्या लोकांनीही रात्र रात्र हाक मारली असणार. साथ थांबली नाही. त्यांनी घरे सोडली, देऊळ सोडले. पण सोडून जाताना डोक्यावर काय घेतले, तर त्याच मूर्ती! हिशेबाने पाहिले तर हे वेडेपण आहे. माझ्या वर्गमित्राला मी हे सांगितले असते, तर त्याने "मग पुरावा कुठे आहे?" असेच विचारले असते, आणि ते बरोबरही आहे. यात पुरावा नाही. माझ्याजवळ जो होता तो २००५ साली मिळाला आणि २०२१ साली परत गेला.

वडील गेले तेव्हा टाळेबंदीमुळे कुणी फारसे आले नाही. पहिली आली ती मागच्या बाकावरची बाई. तिने एकही वचन म्हटले नाही. स्टोव्ह पेटवला, चहा ठेवला आणि आईजवळ बसून राहिली. पुढे एकदा मी तिला धीर करून विचारले, "मावशी, तुम्हाला देवाचा राग आला नाही?"

"आला ना," ती म्हणाली. "अजून येतो. पण भांडायचं तर त्याच्याच दारात जायला नको?"

आता आई रात्री जेवणानंतर प्रार्थना करते तेव्हा मी बाहेर जात नाही, शेजारी बसतो. तिच्या मागण्यांची यादी पूर्वीपेक्षा छोटी झाली आहे. मावशीच्या मुलाचे नाव तिच्यात असते, वडिलांचे असते. मधेच विमान येते, ती थांबते, मग पुढे बोलू लागते. शेवटचे 'आमेन' बहुधा तीच म्हणते. कधी कधी मीही म्हणतो.