सांडणारं पाणी

तारा मला दिसलाच नाही. टॅरोच्या सतराव्या पानाचं नावच 'तारा' आहे. वरच्या भागात आठ टोकांचा मोठा पिवळा तारा, भोवती सात लहान, पांढरे. तरी माझी नजर खाली उतरली ती खालीच राहिली. तळ्याकाठी एक विवस्त्र बाई गुडघा टेकून बसली आहे, एक पाय पाण्यावर, दोन्ही हातांत दोन घडे. एका घड्यातलं पाणी ती तळ्यात ओतते आहे, दुसऱ्यातलं जमिनीवर.

"मावशी, पुस्तकातलं काही नको. पहिलं जे मनात येईल ते सांग," भाची म्हणाली.

"घागर," मी म्हटलं.

तिनं वाट पाहिली. मी पुढे काही बोलले नाही. टॅरो शिकवणारे या पानाला आशेचं पान म्हणतात, वादळानंतरची शांतता म्हणतात, आणि तिला तसलं काहीतरी हवं असणार. शेजारच्या काकू बसल्या होत्या. त्यांनी पान हातात घेतलं, लांब धरलं, जवळ आणलं आणि विचारलं, "ही भुईवर कशाला ओततेय गं? खाली परात तरी ठेवायची."

काकूंचं हे वाचन माझ्या मनातून जात नाही. आमच्या चिकलठाण्यात राहणाऱ्या बाईनं याहून वेगळं काय वाचावं? आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, पाण्याचा एक दिवस असतो. तो आठवड्यानं येतो, कधी त्याहूनही उशिरा. त्या दिवशी कुणी बाहेरगावी जात नाही, पाहुण्यांना बोलावत नाही. ड्रम, हंडे, कळश्या, बादल्या, अगदी पातेलीसुद्धा भरून ठेवायची. भाजी धुतलेलं पाणी झाडांना, कपड्यांचं शेवटचं पाणी फरशीला. असं आयुष्य काढलेल्या डोळ्यांना दोन्ही हातांनी पाणी सोडून देणारी बाई दिसली, तर त्यांना आशा दिसेल की नासाडी? पहिलं मनात येणारं म्हणतात ते खरंच मनातून येतं, की नळातून?

मग मी पुस्तक पाहिलंच. ही पानं १९०९ साली लंडनच्या रायडर कंपनीनं काढली. कल्पना आर्थर एडवर्ड वेट यांची, चित्रं पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीची. वेट यांनी पुढच्याच वर्षी पानांचे अर्थ सांगणारं पुस्तक लिहिलं. त्यात या पानाच्या अर्थांत आधी येतात नुकसान, चोरी, अभाव, सोडून दिलं जाणं. त्यानंतर, दुसऱ्या एका मताप्रमाणे म्हणून, आशा आणि उजळ भविष्य. म्हणजे काकू पुस्तक न उघडता पहिल्या ओळीवर पोचल्या होत्या आणि शिकलेली भाची दुसऱ्या मतावर. याचा मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. काकूंचं बरोबर निघालं हे पुस्तकानं सांगावं लागलं, तर मग मनाचं ऐकण्याला अर्थ काय उरला?

पामेलाबद्दल वाचताना मात्र मी रेंगाळले. जन्म १८७८ चा, लंडनचा, आईवडील अमेरिकन, लहानपणाची काही वर्षं जमैकात. संगीत ऐकताना तिला चित्रं दिसायची आणि ती तशीच कागदावर उतरवायची. अठ्ठ्याहत्तर पानांची चित्रं तिनं काही महिन्यांत काढली. काम मोठं, पैसे फार थोडे, असं तिनं स्वतः एका पत्रात कळवलं होतं. पानांच्या कोपऱ्यात तिची वेलबुट्टीसारखी सही आहे, पण जगानं कितीतरी वर्षं त्या संचाला प्रकाशक आणि लेखक यांच्याच नावानं ओळखलं. १९५१ साली ती गरिबीत गेली. सूर ऐकून चित्र काढणाऱ्या या बाईला ते दोन घडे काढताना काय ऐकू येत होतं, हे कुठल्याच पुस्तकात नाही. मला तेवढंच हवं होतं.

मनाला पहिल्यांदा जे वाटतं त्याचा भरवसा किती धरावा, याचं एक उदाहरण या पानांच्याच इतिहासात आहे. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत ही पानं खेळायची होती, साधी पत्त्यांची. १७८१ साली कूर द जेबलँ या फ्रेंच विद्वानानं ती पाहिली आणि त्याला वाटलं, हा तर प्राचीन इजिप्तचा लपवलेला ग्रंथ. इजिप्तची चित्रलिपी तोवर कुणाला वाचताच येत नव्हती, ती १८२२ साली उलगडली. त्याचं वाटणं चुकीचं होतं. पण पानांत गूढ अर्थ शोधायची वाट त्याच चुकीनं रुंद केली, आणि आज माझी भाची त्या वाटेवर आहे. इथून शंभरेक किलोमीटरवर अजिंठ्यात हेच झालं. सतराव्या लेण्याच्या ओसरीत भिंतीवर एक मोठं चक्र रंगवलेलं आहे. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजांना त्यात राशिचक्र दिसलं आणि त्यांनी लेण्यालाच राशिचक्राचं लेणं असं नाव दिलं. ते होतं बौद्धांचं भवचक्र, जन्ममरणाचा फेरा. चाक दिसलं ते बरोबर दिसलं. त्यात काय फिरतंय, ते प्रत्येकानं आपल्या घरून आणलं.

पान उलटं आलं तर अर्थ उलटतो, असंही भाचीनं सांगितलं. तारा उलटा आला की निराशा, आटलेपण. मी पान फिरवून बघत बसले. उलट्या पानात पाणी वर चढतं. जमिनीवरून, तळ्यातून उठतं आणि घड्यात शिरतं. आमच्या शहराचं पाणी असंच येतं! पैठणला जायकवाडीचा नाथसागर आहे. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केलेलं आणि १९७६ साली इंदिरा गांधींनी राष्ट्राला दिलेलं ते धरण आमच्याहून शंभर मीटरहून अधिक खाली आहे. तिथलं पाणी पंपांनी चढवत, ढकलत इथवर आणावं लागतं. आमच्यासाठी वर चढणारं पाणी हीच आशा, आणि खाली वाहून जाणारं पाणी ही काळजी. म्हणजे हे पान चिकलठाण्यात उलटंच सुलटं आहे. हे मी भाचीला सांगितलं तेव्हा ती वहीत लिहू लागली आणि मला एकदम लिहू नकोस म्हणावंसं वाटलं. लिहिलं की तो पुढच्या कुणासाठी पुस्तकातला अर्थ होणार.

उलट्या घड्यांवरून ती म्हण आलीच. पालथ्या घड्यावर पाणी. शाळेत शिक्षक म्हणायचे, घरी आई म्हणायची, आणि ऐकणारा मान खाली घालायचा. म्हणीत दोष नेहमी घड्याचा. ओतणारा शहाणा, पाणी मोलाचं, घडा मात्र मठ्ठ. पण घडा पालथा का असतो, हे म्हण कधी विचारत नाही. स्वयंपाकघरात हंडा पालथा असतो तो घासून निथळायला ठेवलेला म्हणून. आत धूळ जाऊ नये, पाल शिरू नये म्हणून. पाण्याच्या दिवसाच्या आदल्या रात्री आमच्या गल्लीतल्या प्रत्येक ओट्यावर भांडी पालथी असतात, आणि ती तितकी तयार दुसऱ्या कुठल्याच रात्री नसतात. त्यांच्यावर पाणी ओतणारा घाईत आहे, इतकंच. वेळ झाली की ती आपण होऊन, म्हणजे कुणाच्या तरी हातानं, सुलटी होतात. माझी आई ही म्हण ज्याच्यासाठी वापरायची, तो माणूस पुढे किती सुलटा झाला हे तिनं पाहिलं नाही. आणि तो ऐकायला लागला, तेव्हा ओतायला ती नव्हती.

पालथ्या घड्यावरून पाणी घसरतं, तेही कुठे वाया जातं? ते भुईवरच जातं. पानातल्या बाईभोवतीची भुई हिरवी आहे, झुडपं आहेत. तिथे ओतलेलं पाणी बारीक ओघळ होऊन पसरतं. पण भुईवर ओतलेलं पाणी म्हटलं की मला हिरवळ दिसत नाही. मला खांद्यावरचं मडकं दिसतं, त्याला दगडानं पाडलेली भोकं दिसतात, तीन फेऱ्या दिसतात आणि त्या फेऱ्यांबरोबर मातीत उमटत जाणारी ओली रेघ. यावर मी आत्ता लिहिणार नाही.

त्याऐवजी भेंडवळच्या घागरीबद्दल लिहिते. बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोद तालुक्यातलं गाव. अक्षय तृतीयेला संध्याकाळी शेतात घट मांडतात. चंद्रभान महाराज वाघ यांनी काही शतकांपूर्वी सुरू केलेली ही मांडणी त्यांचे वंशज अजून करतात. शेतात गोल आखून त्याच्या कडेनं अठरा धान्यं ठेवायची, गहू, ज्वारी, तूर, हरभरा, तीळ, सरकी अशी. मधल्या खड्ड्यात मातीची चार ढेकळं, पावसाळ्याचे चार महिने म्हणून. त्यांवर पाण्यानं भरलेली घागर, तिच्यावर पुरी, पापड, सांडोई, कुरडई. जवळ विडा. घागर म्हणजे समुद्र, पुरी म्हणजे पृथ्वी, विडा म्हणजे राजा. रात्रभर तिथे कुणी थांबत नाही. पहाटे जाऊन बघायचं: कुठले दाणे सरकले, कुठले जागचे हलले नाहीत, कुठलं ढेकूळ भिजलं, विड्याचं काय झालं. त्यावरून पीकपाणी, पाऊस, राज्य. दूरदूरचे शेतकरी ऐकायला येतात. अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांनी याला आक्षेप घेतला आहे आणि त्यांचे प्रश्न मला पटतात: मुंग्या, वारा, उंदीर यांनी हलवलेल्या दाण्यावर पेरणीचं कर्ज कसं काढायचं?

पटतात, तरीही ती मांडणी मनातून निघत नाही. टॅरोचं पान एकदा छापलं की ते हलत नाही. लंडनमध्ये १९०९ साली जिथे होता तिथेच तो पाय पाण्यावर आहे. बदलायचं ते बघणाऱ्यानं. भेंडवळचं चित्र मात्र रात्रीतून बदलतं आणि बघणारा त्यातला फरक वाचतो. माणूस चित्र अर्धं काढतो, उरलेलं रात्रीवर सोडतो. अठ्ठ्याहत्तर पानांपेक्षा हे मला जास्त धाडसाचं वाटतं, कारण इथे वाचणाऱ्याला आपल्या मनातलं चित्रावर लादणं अवघड जात असावं. दाणा हलला की हलला. पण मग हेही जाणवतं की ढेकूळ थोडं भिजलं की पुरतं भिजलं, हे शेवटी डोळेच ठरवतात, आणि ते डोळे त्याच दुष्काळातले आहेत.

आमच्या चिकलठाण्याला वेधशाळा आहे. शहरात किती पाऊस पडला याचा वर्तमानपत्रात येणारा आकडा तिथला. तिथेही उघड्यावर एक भांडं ठेवलेलं असतं, पर्जन्यमापक. रात्रभर आकाशाखाली. सकाळी साडेआठला जाऊन त्यातलं पाणी मोजायचं. तिथे समुद्र नाही, राजा नाही, फक्त मिलिमीटर. भेंडवळच्या घागरीत आणि या भांड्यात फरक आहे आणि मोठा आहे, तो पुसायचा माझा विचार नाही. मोजमाप नसतं तर दुष्काळ जाहीर कशाच्या आधारावर झाले असते? पण आकडा वाचणारी बाई, जिच्या घरातला हंडा पालथा आहे, ती आकड्यातही आपलंच काहीतरी वाचते. परवा एवढा पाऊस पडला, धरण किती टक्के झालं असेल, नळाचा दिवस एखादा तरी अलीकडे येईल का. मिलिमीटरला हे काहीच ठाऊक नसतं.

भाची म्हणाली, दोन घड्यांपैकी तळ्यात ओतणारा घडा तिला कळत नाही. पाण्यात पाणी ओतून काय मिळतं? मला तो लगेच कळला. गोदावरीत कमरेइतक्या पाण्यात उभं राहून ओंजळीनं तिचंच पाणी तिला परत देणारी माणसं पैठणला कुणीही पाहिलेली असतात. अर्घ्य, तर्पण. उचलायचं ते परत करण्यासाठी. आणि दुसरा घडा, भुईवरचा? त्यासाठीही पैठणचीच गोष्ट समोर आली. काशीहून रामेश्वराला चाललेली गंगेची कावड, वाळवंटात तहानेनं तडफडणारं गाढव, आणि एकनाथांनी त्याच्या तोंडात ओतलेलं ते पाणी. एक घडा देवाकडे नेण्याचा, दुसरा जिथे तहान असेल तिथे रिकामा करण्याचा. किती नीट बसतं हे पानात! पण इतकं नीट बसलं म्हणूनच मला शंका आली. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले. मग ती पानातून उमटली की माझ्यात आधीच होती आणि पानानं फक्त झाकण काढलं? आणि काकूंनाही ती ठाऊक होतीच की. त्यांना मात्र परात आठवली. आता मला वाटतं, तहानेच्या अधिक जवळचं वाचन त्यांचंच होतं. नाथांच्या जागी त्या असत्या तर पाणी गाढवाला नक्की पाजलं असतं, पण एक थेंब वाळूत जाऊ दिला नसता.

एक गोष्ट मात्र राहूनच गेली. पान भाचीसाठी निघालं होतं. प्रश्न तिचा होता, पुण्याची नोकरी घ्यावी की नाही, आणि त्यावर एकीनं घागर सांगितली, दुसरीनं परात. ती म्हणते, तुम्ही जे पाहिलंत तेही माझ्याच प्रश्नाचं उत्तर आहे, कारण त्या वेळी तुम्ही इथे होतात. असं असू शकतं का? भेंडवळला पहाटे घट वाचणारा एक असतो आणि पेरणारे हजार. त्याच्या डोळ्यांना दिसलेलं ढेकूळ प्रत्येकाच्या रानातलं असतं का? तिनं मला पुन्हा विचारलं, मावशी, घागर भरलेली होती की रिकामी? मी डोळे मिटून आठवून पाहिलं. मला खरंच सांगता येईना.