शुक्र्याचे अकरा दिवस

घरात कुणी गेलं की पुढे काय करायचं, हे आपल्याकडे ठरलेलं असतं. सुतक किती दिवस, दहावा कुठे, तेराव्याला कुणाला बोलवायचं, पहिला गोड घास कुणी भरवायचा... सगळं. कुत्र्याचं पिल्लू गेलं तर काय करायचं ते मात्र कुणी सांगून ठेवलेलं नाही. त्यातून ते घरात येऊन जेमतेम अकरा दिवस झालेले असतील तर मग रडायचीसुद्धा चोरी! "अकराच दिवस होतं ना?" गेल्या तीन आठवड्यांत हे वाक्य मी एवढ्या वेळा ऐकलंय की आता मीच आधी सांगून टाकतो, "हो, अकराच दिवस."

नगरकरांना सांगायला नको, पण बाकीच्या मंडळींसाठी सांगतो. नगरहून संभाजीनगरकडे जाताना ३५ एक किलोमीटरवर आमचं घोडेगाव लागतं. शनिशिंगणापूरचा फाटा इथलाच. कांद्याचं मार्केट मोठं, आणि शुक्रवारी जनावरांचा बाजार. गाई, म्हशी, बैल, टेम्पो, धुरळा, आणि टॉवेलाखाली बोटं धरून चाललेले सौदे. बाजार उठला की मागे वैरणीचा कचरा राहतो, आणि कधीकधी जनावरांबरोबर गाडीतून आलेली नको असलेली पिल्लंही राहतात. अशीच तीन पिल्लं चहाच्या टपरीमागे होती. त्यातलं एक आमचे चिरंजीव शर्टात घालून घरी घेऊन आले. शुक्रवारी सापडला म्हणून शुक्र्या. नाव ठेवायला कुणाला काही डोकं लढवावं लागलं नाही.

अण्णांनी (म्हणजे माझ्या वडिलांनी) पाहिल्या पाहिल्या सांगितलं, "उंबऱ्याच्या आत नाही." मीही म्हटलं, ज्या शिंगणापूरच्या घरांना दारं नाहीत म्हणून जगभर बोलबाला आहे, त्याच्या शेजारी राहून राखणीला कुत्रं कशाला? यावर चिरंजीव म्हणाले, "राखणीला नाही, असंच." आता या "असंच"ला उत्तर काय देणार?

इथे अण्णांविषयी थोडं सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी आई गेली. तेव्हापासून अण्णा बोलायचे ते कामापुरतं. चहा हवाय का, हो. दिवा घालवू का, घालव. चाळीस वर्षं दर शुक्रवारी बाजारात जाणारा माणूस, जनावराच्या दातांवरून वय आणि चालीवरून खोड सांगणारा... पण बाजाराचं नाव टाकलं होतं त्यांनी. आम्ही सगळे उपाय करून थकलो होतो.

तिसऱ्या रात्री मी पाणी प्यायला उठलो तर शुक्र्याचं पोतं ओसरीवर नव्हतं. ते अण्णांच्या खाटेखाली होतं. खाटेवरून एक हात खाली लोंबत होता आणि अण्णा हळू आवाजात त्याला सांगत होते, "आता नीज. सकाळी जायचंय." मी पाणी न पिताच परत फिरलो.

सकाळी खरंच दोघं निघाले. आधी कोपऱ्यापर्यंत, मग पार मळ्यापर्यंत. शुक्र्याचे कान एक उभा नि एक पडलेला. चालताना मागचे पाय पुढच्या पायांच्या पुढे जायचे, मग तो कोलमडायचा, मग अण्णा थांबायचे. परत आले की रिपोर्ट असायचा. आज बेडकाला घाबरला. आज शेरडामागे गेला. दोन वर्षांत त्या घशातून एवढे शब्द बाहेर पडले नव्हते. हिने मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच सांगितलं, "काही बोलू नका, दृष्ट लागेल."

आणल्याच्या दुसऱ्या दिवशी जंताचं औषध झालं होतं, चौथ्या दिवशी लस. आठव्या दिवशी त्याने दूधभाकरीला तोंड लावलं नाही. नवव्या दिवशी उलट्या. दहाव्या दिवशी रक्ताची हगवण, आणि तो वास... ज्यांनी एकदा घेतलाय त्यांना सांगावा लागत नाही. डॉक्टरांनी लांबूनच ओळखलं. पार्वो.

"पण लस तर दिली होती!" असं मी म्हणालो तेव्हा त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं. हा विषाणू शरीरात शिरल्यावर साधारण तीन ते सात दिवस, कधी त्याहून जास्तही, दडून असतो. लशीचा जोर धरायला काही दिवस लागतात. शिवाय आईच्या दुधातून आलेली रोगप्रतिकारक द्रव्यं पिल्लाच्या अंगात असली तर तीच लशीला निकामी करतात आणि पुढे रोगाला अडवायला पुरतही नाहीत. म्हणून तर दीड-दोन महिन्यांपासून सुरुवात करून चार महिन्यांपर्यंत दर दोन-चार आठवड्यांनी डोस द्यायचे असतात. १९७८ च्या सुमारास हा रोग पहिल्यांदा ओळखला गेला आणि दोनेक वर्षांत जगभर पोचला. पार्वो म्हणजे लॅटिनमध्ये लहान. आतड्याचं अस्तरच सोलून काढतो, मग पाणी टिकत नाही आणि जंतू सरळ रक्तात जातात. उपचार म्हणजे मुख्यतः सलाईन, उलटीचं औषध, अँटिबायोटिक आणि वाट बघणं.

वाट बघितली. एवढ्याशा पायात शीर सापडेना. अण्णांनी बॅटरी धरली होती, हात जराही हलला नाही. अकराव्या दिवशी पहाटे, अजून उजाडायचं होतं, तेव्हा शुक्र्या गेला. कांदाचाळीमागच्या कडुनिंबाखाली अण्णांनी स्वतः खड्डा घेतला. खोल. वर चुना टाकला. कुणाला हात लावू दिला नाही.

२०२२ साली लम्पी आला तेव्हा राज्यभरातले जनावरांचे बाजार बंद केले होते. आमची एक गाय त्यात गेली. तेव्हा सगळा गाव येऊन बसला होता. पंचनामा झाला. सरकारची मदत ठरलेली होती : दुधाळ जनावराला ३० हजार, बैलाला २५ हजार, वासराला १६ हजार. आकडा असला की लोकांना दुःख समजतं, असं माझं मत झालंय. शुक्र्याचा आकडा शून्य. आला फुकट, दूध दिलं नाही, नांगर ओढला नाही, भुंकला तोही दोनदा, तेसुद्धा केरसुणीवर.

आपण तसे कुत्र्याच्या बाबतीत विचित्रच आहोत. आमच्याच नेवासे तालुक्यात देवगडला दत्ताचं मोठं देवस्थान आहे. दत्ताच्या पायाशी चार कुत्री, म्हणजे चार वेद, असं सांगतात. नमस्कार करून बाहेर आलं की पायरीवरच्या कुत्र्याला "हाड!" रायगडावरच्या वाघ्याच्या पुतळ्याचं तर आणखीच वेगळं. इतिहासात आधार आहे की नाही यावरून २०१२ मध्ये पुतळा काढला, परत बसवला, २०२५ मध्ये वाद पुन्हा पेटला. मला त्यात पडायचं नाही.

पण एका कुत्र्याचा आधार अगदी दगडात कोरलेला आहे. कर्नाटकात मंड्या जिल्ह्यात अतकूरला दहाव्या शतकातला एक शिलालेख सापडला. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण आणि त्याच्या बाजूने लढणारा गंग राजा बूतुग यांचा तो काळ. ९४९ च्या तक्कोलमच्या लढाईनंतर बूतुग आपल्या मणलेर नावाच्या सरदारावर खूश झाला आणि म्हणाला, माग काय हवं ते. मणलेराने राजाचा काळी नावाचा कुत्रा मागितला. पुढे तो कुत्रा एका दांडग्या रानडुकरावर सोडला, आणि दोघंही मेले. मणलेराने देवळासमोर दगड उभा केला, झुंजणारा कुत्रा आणि डुक्कर त्यावर कोरले, पूजेसाठी जमीन लावून दिली आणि पुजाऱ्याने पूजा केल्याशिवाय जेवायचं नाही असं बजावलं. तो दगड पुढे बंगळुरूच्या संग्रहालयात गेला.

म्हणजे बघा, मागून घेतलेला कुत्रा, तोही हातचा गेलेला. किती दिवस जवळ होता कोण जाणे. पण हजार वर्षांपूर्वीच्या त्या सरदाराला कुणी "एवढेच दिवस ना?" म्हटलं असेल असं वाटत नाही. त्याच्या हातात तलवार होती हेही एक कारण असेल म्हणा.

दिवसांचा हिशेब मलाही नीट मांडता येत नाही. अकरा दिवसांच्या आठवणी तशा तासाभरात सांगून संपतात. संपत नाही ते पुढचं. फाटकाच्या खालच्या फटीला मी लाकडी फळी ठोकली होती, मोठा झाल्यावर काढायची म्हणून. थंडीत त्याला कुठे निजवायचं यावरून आमची भांडणं झाली होती. अण्णा त्याला बाजार दाखवणार होते. अण्णा बाजारात जाणार होते!

तो गेल्यावर अण्णा पुन्हा गप्प झाले. शेजारच्यांनी प्रेमाने दुसरं पिल्लू देऊ केलं, पण हा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो. फरशी ब्लीचने धुतली, पोतं जाळलं, पण अंगणाचं काय करणार? डॉक्टर म्हणाले, निदान वर्षभर लहान पिल्लू आणू नका.

परवाच्या शुक्रवारी सकाळी अण्णा टोपी घालून तयार. मी विचारलं कुठे, तर म्हणाले, "ती दुसरी दोन." मी गाडी काढली. टपरीमागे एकच होतं. दुसऱ्याचं काय झालं ते चहावाल्याला ठाऊक नव्हतं. हे मात्र ठणठणीत, पार उकिरड्यावर उड्या मारत होतं. डॉक्टरांना मी फोन केला होता, ते बाजारात आलेलेच होते. अण्णांनी पिल्लाला मांडीवर घेऊन मानेची कातडी धरली, सुई गेली, पिल्लू किंचाळलं, अण्णा म्हणाले, "झालं, झालं."

त्याला घरी आणलं नाही, आणता येणारच नव्हतं. चहावाल्याकडे दुधाचे पैसे देऊन आलो. संध्याकाळी बघितलं तर कालनिर्णयवर तीन आठवड्यांनंतरच्या शुक्रवारी अण्णांनी पेन्सिलने गोल केला होता, आणि शेजारी बारीक अक्षरात, "दुसरी सुई".